सी मध्ये स्वतः हॅश मॅप लिहितोय, पावती नंबरवर चालतो, गाडी नंबरवर बिघडतो

काटेवाला_दिग्रस (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी बीसीए दुसऱ्या वर्षाला आहे. हंगामात गावाजवळच्या एका जिनिंगच्या वजनकाट्यावर बसतो. कापसाची भरली गाडी आली की पहिलं वजन, खाली होऊन निघाली की रिकामं वजन. दुसऱ्या वजनाला गाडी नंबर टाकला की पहिली नोंद, मालकाचं नाव आणि मागच्या खेपांची रिकामी वजनं समोर यावीत, एवढंच काम. काट्यावरचा पीसी जुना आहे, नेट आलं तर आलं. पुढच्या सेमिस्टरला डेटा स्ट्रक्चर आहेच, म्हणून सी मध्ये हॅश मॅप स्वतःच बांधायला घेतला. म्हणजे की (ज्यावरून शोधायचं तो नंबर किंवा नाव) दिली की गणितानं जागा काढून नोंद थेट शोधणारी रचना.

रचना अशी: १००९ बकेटचा (कप्प्यांचा) अ‍ॅरे, प्रत्येक बकेटमध्ये लिंक्ड लिस्ट, म्हणजे एकीला पुढची जोडलेल्या नोंदींची साखळी. पावती नंबर पूर्णांक असल्याने त्याला थेट १००९ ने भागून बाकी घेतो. गाडी नंबर स्ट्रिंग (अक्षरांची माळ) आहे, म्हणून सगळ्या अक्षरांच्या आस्की किमतींची (कंप्युटरमध्ये प्रत्येक अक्षराला ठरलेल्या आकड्यांची) बेरीज करतो आणि मग बाकी घेतो.

मागच्या हंगामाच्या वहीतल्या साधारण तीन हजार गाड्या भरून पाहिल्या. पावती नंबरवर सगळं सारखं वाटलं जातं. गाडी नंबरवर मात्र सगळ्यात लांब साखळी ११८ ची, आणि नऊशेच्या वर बकेट साफ रिकाम्या! १००९ ही मूळ संख्या आहे, मूळ संख्या घेतली की वाटप नीट होतं असं वाचलं होतं. मग हे काहून होऊन राह्यलं?

संत्रा_मोर्शी

नऊशे बकेटा रिकाम्या असतीन तर इकडं पाठवून दे भाऊ, आमच्या बागेत पाणी द्याले कामी पडतीन.

वर्धेकर

मूळ संख्येचा काही दोष नाही, तिच्यापर्यंत गाडी पोचतच नाहीये. कागद घेऊन बसा.

एम ७७, एच ७२, २ चे ५० आणि ९ चे ५७. म्हणजे यवतमाळच्या प्रत्येक गाडीचे पहिले २५६ ठरलेले. पुढची दोन अक्षरं ए-ए पासून झेड-झेड पर्यंत, म्हणजे १३० ते १८०. मग चार आकडे, ०००० चे १९२ आणि ९९९९ चे २२८. एकूण बेरीज कमीत कमी ५७८, जास्तीत जास्त ६६४. १००९ ने भागा नाहीतर भागू नका, बाकी तीच.

तुमच्या एमएच २९ च्या गाड्या तीन हजार असोत की तीन लाख, त्या ८७ बकेटांबाहेर जाऊ शकत नाहीत. त्यातही मधल्या बेरजा जास्त वेळा येतात, म्हणून ११८. अमरावतीची २७, अकोल्याची ३०, नांदेडची २६ अशा गाड्या आल्या तर पट्टा थोडा सरकतो इतकंच. भरलेल्या बकेटांचे क्रमांक छापून बघा आणि सांगा.

काटेवाला_दिग्रस

छापले. दोन-चार जुन्या एका अक्षराच्या नंबरांच्या गाड्या सोडल्या तर बाकी सगळ्या ५७० ते ६६४ मध्येच आहेत! दादा, तुम्ही माझा पीसी न बघता सांगितलं राव.

तूरडाळ

मी जरा वेगळं बोलतो. तीन हजार नोंदींसाठी हॅश मॅप कशाला? साधा अ‍ॅरे घ्या, पहिल्यापासून शेवटपर्यंत शोधा. जुन्यातल्या जुन्या पीसीवर सुद्धा डोळ्याची पापणी लवायच्या आत सापडेल. ११८ ची साखळी काट्यावरच्या माणसाला कधीच जाणवणार नाही. आणि हवाच असेल तर पायथनमध्ये डिक्शनरी (तयार हॅश मॅप) आयती मिळते. चाकाचा शोध लावण्यात तरुण पोरांची वर्षं जातात.

पुसदची_पोट्टी

तूरडाळ काका, त्यानं वेगाची तक्रार केलीच नाही. नऊशे बकेट रिकाम्या का, हा प्रश्न आहे. पायथनमध्ये लिहिलं असतं तर त्याला हा प्रश्न पडलाच नसता, आणि वर्धेकरांचा कागदही आपल्याला पाहायला मिळाला नसता.

बाकी काट्यापुरतं अ‍ॅरे पुरतो, हे मान्य.

बुडा_मुनीम

मी काही कंप्युटरवाला नाई. जिनात मुनीम होतो, आता घरीच असतो. नातवानं हे वाचून दाखवलं.

आमच्या गादीच्या मांगं भिंतीवर धा तारा होत्या. पावतीच्या नंबराचा शेवटचा आकडा पायचा आन् त्या तारीत पावती ओवून टाकायची. ४३७ आली की सातच्या तारीत. शेतकरी आला की सातची तार काढायची, तेवढ्याच पावत्या चाळायच्या. धा तारा, धावा हिस्सा काम. हंगाम जोरात आला तवा शेटजी म्हणे वीस तारा लावू. म्या म्हटलं लावा, पण मंग शेवटच्या एका आकड्यावर भागनार नाई, आन् पयल्या सगळ्या पावत्या काढून नव्यानं ओवा लागतीन. एक अख्खी रात गेली त्याच्यात.

मंग एक नवा पोट्टा आला कामाले. त्यानं डोकं लावलं का आडनावाच्या पयल्या अक्षरावर ओवू. दिग्रस-पुसदच्या पट्ट्यात! राठोडाईची तार चार दिवसात भरली, वाकून खाली आली. चव्हाण आन् जाधवाची बी तेच. अन् 'ठ' ची तार हंगामभर रिकामी.

वर्धेकर

मुनीमजी, दंडवत! पुढचं काही लिहायची गरजच उरली नाही. धा तारा म्हणजे बकेट, तारेतल्या पावत्या म्हणजे साखळी, नव्यानं ओवणं म्हणजे रिहॅश. काटेवाल्याची बेरीज आडनावाच्या पहिल्या अक्षरासारखीच निघाली.

पुण्यातला_वऱ्हाडी

मुनीमजींच्या पद्धतीला जुना वारसा आहे. आयबीएममध्ये हान्स पीटर लून यांनी १९५३ मध्ये एका अंतर्गत टिपणात बकेट आणि साखळ्यांची हीच कल्पना मांडली होती. क्रेडिट कार्डाच्या नंबरातला शेवटचा पडताळणीचा आकडा काढायची रीतसुद्धा याच लून यांची.

पण मी असतो तर साखळ्या वापरल्या नसत्या. ओपन अ‍ॅड्रेसिंग वापरा. एकच अ‍ॅरे, जागा भरलेली असेल तर पुढची बघा, तीही भरली असेल तर त्याच्या पुढची. प्रत्येक नोंदीसाठी वेगळं मॅलॉक (मेमरी मागणं) नाही, पॉइंटरच्या (पुढच्या नोंदीच्या पत्त्याच्या) मागे धावणं नाही, मेमरी सलग. पायथनची डिक्शनरी ओपन अ‍ॅड्रेसिंगचीच आहे, फक्त पुढची जागा निवडायची तिची रीत जरा वेगळी. जावाचा हॅशमॅप साखळ्यांचा. तिथे सुरुवात १६ बकेटांनी होते, पाऊण भरला की दुप्पट होतो. जावा ८ पासून, टेबल पुरेसा मोठा असेल आणि एका बकेटची साखळी ८ च्या पुढे गेली, तर तिचं झाड (फांद्यांची रचना) केलं जातं.

झाडीपट्टी_गडचिरोली

ओपन अ‍ॅड्रेसिंग मस्त, पण काट्यावर नको. गाडी बाहेर पडली की नोंद काढावी लागेल ना? तिथे गोची आहे. मधली जागा नुसती रिकामी केली तर तिच्या पुढे सरकलेल्या नोंदी हरवतात, कारण शोधणारा रिकामी जागा दिसली की थांबतो. म्हणून 'इथे कोणी होतं' अशी खूण ठेवावी लागते. दिवसभर गाड्या येणार-जाणार, संध्याकाळपर्यंत सगळा अ‍ॅरे खुणांनी भरलेला.

आणि भरलेपणाचा हिशेब कडक आहे. एक-एक पुढे सरकणाऱ्या पद्धतीत टेबल अर्धा भरलेला असेल तर नसलेली की शोधायला सरासरी अडीच जागा बघाव्या लागतात. नव्वद टक्के भरला की तीच सरासरी साडेपन्नास! डोनाल्ड कनूथ यांनी १९६३ मध्ये हे गणित मांडलं. साखळीत असा कडेलोट होत नाही, हळूहळू लांबते. नवशिक्यानं साखळीच घ्यावी, काढून टाकणं म्हणजे एक पॉइंटर वळवला की झालं.

पुण्यातला_वऱ्हाडी

खुणा वाढल्या की रिहॅश करायचा, त्यात काय एवढं.

झाडीपट्टी_गडचिरोली

तेच तर. मुनीमजींची रात परत परत.

संत्रा_मोर्शी

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

वर्धेकर

मूळ मुद्द्यावर येतो. बेरजेच्या जागी हे लिहा (फोनवरून टंकतोय, कोड मराठीतच देतो):

ह = ०
प्रत्येक अक्षरासाठी: ह = ह × ३१ + अक्षराची किंमत
बकेट = ह % बकेटांची संख्या (% म्हणजे बाकी)

फरक एवढाच की आता अक्षराची जागा मोजली जाते. बेरजेत १२ आणि २१ सारखेच: ४९ + ५०. नव्या रीतीत '१२' चे ४९ × ३१ + ५० = १५६९, आणि '२१' चे ५० × ३१ + ४९ = १५९९. जावाच्या स्ट्रिंगमध्ये हेच ३१ वापरलंय.

'ह' हा अनसाइन्ड (ऋण न होणारा) ३२ बिटांचा ठेवा. साइन्ड ठेवला आणि आकडा उतू गेला, तर काय व्हावं हे सी सांगतच नाही. शिवाय ऋण झाला तर बाकीही ऋण येते आणि अ‍ॅरेच्या बाहेरची मेमरी उचकटली जाते. पायथनमध्ये धन संख्येने भागलं की बाकी ऋण येत नाही, त्यामुळे तिथून येणारी पोरं इथे हमखास अडकतात. आणि बकेटांची संख्या कधीही ३१ ठेवू नका. ठेवली तर आधीची सगळी बेरीज भागली जाते आणि फक्त शेवटचं अक्षर उरतं.

तूरडाळ

३१ च्या रीतीत सुद्धा टक्कर होतेच की, म्हणजे दोन वेगळ्या स्ट्रिंगचा हॅश (शेवटी येणारा 'ह') एकच. जावात मोठा ए-लहान ए आणि मोठा बी-मोठा बी या दोन स्ट्रिंगचा हॅश एकच, २११२. मग पालथ्या घड्यावर पाणी.

वर्धेकर

उदाहरण बरोबर आहे, पण ते कशामुळे होतं बघा. लहान ए ९७, मोठा बी ६६, फरक बरोब्बर ३१. एका जागी ३१ ने वाढलं आणि डावीकडे १ ने घटलं की हिशेब जुळतो. गाडी नंबरात एका जागी एकतर मोठी अक्षरं असतात, फरक जास्तीत जास्त २५, नाहीतर आकडे, फरक जास्तीत जास्त ९. ३१ चा फरक पडायला जागाच नाही. एमएच २९ पुढची सहा चिन्हं धरली तर ३१ चा सहावा घात ८८ कोटी ७५ लाखांच्या आसपास, आणि ३२ बिटांत ४२९ कोटींहून जास्त मावतात. म्हणजे एमएच २९ च्या नेहमीच्या दोन वेगळ्या नंबरांचा पूर्ण हॅश सारखा येऊच शकत नाही. बाकी काढल्यावर बकेट सारखी येईल, ते वेगळं.

तूरडाळ

हे मला माहीत नव्हतं. मागे घेतो. अ‍ॅरेचं मात्र मागे घेत नाही.

कपाशी_आर्वी

एक विचारू का? बंडीले (बैलगाडीले) कोणता नंबर असते? आमच्याइकडं अजून अर्धा कापूस बंडीनंच येते. काट्यावर बसलेला माणूस गाडी नंबराची जागा कोरी सोडन, नाईतर नुसतं 'बंडी' लिहीन. मंग?

पुसदची_पोट्टी

कपाशीताई, लाखातली बोललात! की कोरी म्हणजे प्रत्येक बंडीची की एकच. हॅश मॅप म्हणणार, ही की तर आधीच आहे, व्हॅल्यू (कीशी जोडलेली नोंद) बदलतो. दुसरी बंडी आली की पहिलीचं भरलं वजन गेलं. हॅश फंक्शन कितीही चांगलं असलं तरी हे वाचत नाही, कारण ही टक्कर नाहीच, सारखीच की आहे.

म्हणून की पावती नंबर ठेव. तो प्रत्येक खेपेला वेगळा असतो, बंडीलाही मिळतो. गाडी नंबरचा दुसरा मॅप ठेव, व्हॅल्यू म्हणून त्या गाडीच्या पावत्यांची यादी. एकच पिकअप दिवसातून दोनदा आली तरी जमते.

पुण्यातला_वऱ्हाडी

आणि नंबर टाकताना कोणी मध्ये जागा सोडतं, कोणी आडवी रेघ देतं, कोणी लहान अक्षरात लिहितं. हॅश काढायच्या आधी सगळं गाळून मोठ्या अक्षरात करा. नाहीतर एकच गाडी तीन ठिकाणी, आणि वर्धेकरांची लहान-मोठ्या अक्षरांची अटही मोडली.

अजून एक. सी मध्ये नवीन माणूस कीचा पॉइंटर तसाच साठवतो. पुढची गाडी त्याच बफरमध्ये वाचली की आधीच्या सगळ्या नोंदींची की बदललेली दिसते. नक्कल करून साठवा. तुलना करताना पॉइंटर नको, अक्षरं तपासा.

रात्रपाळी_दर्यापूर

उशिरा लिहितोय, शेतातली लाईन रात्री बाराला येते तोवर जागंच राहावं लागतं.

मालकाच्या नावावरून शोधायचा मॅप करणार असाल तर सांभाळा. मराठी नावं यूटीएफ-८ मध्ये (मजकूर बाइटांत साठवायची रीत) एका चिन्हाला तीन बाइट घेतात आणि प्रत्येक बाइट १२७ च्या वर. काही यंत्रांवर सी चा कॅर (एका बाइटाचा प्रकार) साइन्ड असतो, तिथे हे बाइट ऋण होतात, काहींवर नसतो. एकाच नावाचा दोन पीसींवर दोन हॅश. अनसाइन्ड कॅर करून घ्या.

दुसरी खोच याहून चिवट. 'वऱ्हाडे' हे आडनाव घ्या. एक माणूस ते 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर वापरून टंकतो. दुसऱ्याचा कीबोर्ड साधा 'र', हलन्त आणि त्यानंतर न दिसणारं जोडचिन्ह टाकतो. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखी. बाइट वेगळे, म्हणून हॅश वेगळा, म्हणून नोंद सापडत नाही. 'र' खाली नुक्ता देऊन लिहिलं असेल तर युनिकोडचं नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं) ते 'ऱ' मध्ये जोडून देतं, पण जोडचिन्हाचा प्रकार त्यात बसत नाही. तो आपणच बदलून घ्यावा लागतो. मी एका गावाच्या याद्या जुळवताना यात आठवडा घातलाय.

बुडा_मुनीम

बाप्पा! आमच्या वक्ताले नाव वाचता आलं म्हंजे झालं.

संत्रा_मोर्शी

मुनीमजी, तुमच्या तारीले लाईन गेली तरी फरक पडत नव्हता. याच्या मॅपचं काय? मॅप तर रॅममध्ये. भारनियमन झालं की समदं पुसलं, अन् फाटकात चाळीस गाड्या उभ्या.

वर्धेकर

संत्राभाऊ आज पहिल्यांदा कामाचं बोलले. प्रत्येक वजन आधी फाईलच्या शेवटी एका ओळीत लिहा, फ्लश करा (लिहिलेलं लगेच पुढे ढकला), मग मॅपमध्ये टाका. पीसी चालू झाला की फाईल पहिल्यापासून वाचून मॅप पुन्हा बांधायचा. तीन हजार ओळींना काही वेळ लागत नाही. फ्लशनंतरही ओळ काही क्षण ऑपरेटिंग सिस्टिमकडे अडकलेली असू शकते, म्हणून जुना का होईना, यूपीएस लावाच.

काटेवाला_दिग्रस

सगळं वाचून बदल केले. आकडे देतो.

बेरजेच्या जागी ३१, बकेट १००९ च: सगळ्यात लांब साखळी ९, रिकाम्या पन्नासच्या आसपास. मग जावासारखं केलं, १६ पासून सुरुवात आणि पाऊण भरलं की दुप्पट. तीन हजार गाड्यांवर ४०९६ बकेट झाल्या, लांब साखळी ५. पण आता निम्म्याच्या जवळ बकेट रिकाम्या आहेत. हे परत बिघडलं का?

पावती नंबरचा मॅप मुख्य केला, बंडीचा प्रश्न त्यानं मिटला. बंडीवाल्याला पावतीचा नंबर सांगायला सांगतो.

झाडीपट्टी_गडचिरोली

नाही बिघडलं. ४०९६ बकेटांत तीन हजार नोंदी कशाही उधळल्या तर ४८ टक्क्यांच्या आसपास बकेट रिकाम्या राहतातच. काहींत दोन-तीन पडतात, तेवढ्या दुसरीकडे कमी पडतात. तेवीस माणसं जमली तर दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त, ते याच गणितातलं. रिकाम्या बकेटांपेक्षा सगळ्यात लांब साखळी बघत जा. आधी रिकाम्या होत्या त्या एका पट्ट्याच्या बाहेरच्या सगळ्या, आता विखुरलेल्या असतील.

तूरडाळ

दुप्पट करताना तीन हजार नोंदी हलवायला लागतात, त्या वेळी काट्यावर गाडी असली तर?

पुसदची_पोट्टी

काका, हलवायला लागणारा वेळ गाडीचा ड्रायव्हर खाली उतरायच्या आत संपतो. आणि दर वेळी दुप्पट होत असल्याने सगळं हलवणं मिळून एका नोंदीच्या वाट्याला ठरावीकच काम येतं. दर वेळी शंभर-शंभर बकेट वाढवल्या असत्या तर मात्र हलवाहलव वाढतच गेली असती.

काटेवाल्या, रिहॅश करताना नोंदी नव्यानं मॅलॉक करू नको. जुन्याच नोड (साखळीतल्या नोंदी) नव्या बकेटांत जोड. आणि पूर्ण हॅश नोडमध्येच साठवून ठेव, म्हणजे दुप्पट करताना स्ट्रिंग परत वाचावी लागत नाही.

काटेवाला_दिग्रस

नोड जोडताना 'पुढचा' आधी बाजूला ठेवावा लागतो ना? नाहीतर जुनी साखळी तुटते.

पुसदची_पोट्टी

हाव. आधी पुढचा धरून ठेव, मग नोड हलव.

कपाशी_आर्वी

अन् तूर आली काट्यावर तर? वही तीच का वेगळी?

काटेवाला_दिग्रस

ताई, व्हॅल्यूमध्ये पिकाचा रकाना आत्ताच टाकला.